वाचकांचे प्रश्न : अंगठे कोणी तोडले?

मागच्या अंकात सोलापुरात गिरण्या कशा आल्या याविषयी चार ओळी लिहिल्या आणि 'इंग्रजी राज्याने आपल्या हातांचे काय केले ते सवडीने सांगेन' असे म्हणून थांबले. वाचकांनी सवड ठेवलीच नाही. आलेल्या पत्रांतली काही निवडून या वेळचे सगळे सदर त्यांनाच देते आहे. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण त्याआधीपासून मी गिरणी कामगारांच्या घरातली मुलगी आहे. उत्तरांत दोन्ही येईल.

बाई, मी अकरावीत आहे. आमच्या घरी पूर्वी हातमाग होता. आजोबा सांगतात की इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले म्हणून आपला धंदा बसला. मी वर्गात हे सांगितले तर सर म्हणाले, पुरावा दाखव. खरे काय?
— एक विद्यार्थिनी, साखर पेठ

बाळ, सरांनी पुरावा मागितला ते बरे केले. आणि आजोबा खोटे सांगत नाहीत, हेही मनात ठेव. गोष्ट त्यांच्यापर्यंत जशी आली तशी ते पुढे देतात.

अंगठ्यांचा उल्लेख छापून आला तो १७७२ साली, लंडनमध्ये. लिहिणारा विल्यम बोल्ट्स. हा ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरीत बंगालमध्ये होता. पुढे त्याचे कंपनीशी फाटले आणि कंपनीने त्याला हिंदुस्थानातून घालवून दिले. त्याने लिहिले ते असे : कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांवर इतकी जबरदस्ती होई, की ती चुकवायला त्यांनी आपले अंगठे आपणच कापून घेतल्याची उदाहरणे आहेत. आता नीट बघ. कारागीर रेशमाचे, विणकर नव्हेत. मुलूख बंगालचा, आपले सोलापूर तेव्हा इंग्रजांकडे नव्हतेच, इथला किल्ला त्यांच्या हाती पडला १८१८ च्या मे महिन्यात. आणि सुरी धरणारा हात कारागिराचाच. गोष्ट तोंडोतोंडी फिरली तेव्हा कुठेतरी सुरी इंग्रजाच्या हातात गेली.

मला विचारशील तर लिहिलेली गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त भयंकर आहे. ज्या अंगठ्यावर घर चालते तो माणूस आपल्या हाताने कापतो, तेव्हा त्याच्या दारात काय उभे असेल? कंपनीचा गुमास्ता आगाऊ पैसे गळ्यात बांधी, मालाचा भाव स्वतः ठरवी, तोही बाजारापेक्षा कमी. दुसऱ्या कुणाला माल विकला की शिपाई येई. कलेची किंमत करणारा एकच गिऱ्हाईक उरला, आणि त्याच्याच हातात सोटा होता.

मग धंदा बसला कसा? इंग्लंडने आधी आपले कापड दारात अडवले. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदी छापील कापड तिथे वापरण्यावर बंदी आली. त्या आडोशाला त्यांची यंत्रे वाढली. १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचा म्यूल, म्हणजे सूत कातायचे यंत्र, आला, तो एकाच वेळी शेकडो चात्यांवर सूत काढू लागला. १८२० च्या दशकात आपल्या काही सुती कापडांवर विलायतेत ६० टक्क्यांहून जास्त जकात होती आणि त्यांच्या कापडावर इकडे नाममात्र. यंत्र त्यांनी अकलेने काढले, ते श्रेय त्यांचे आहे. पण दोन्ही बाजूंची जकात एकाच हाताने लिहिली, ती अक्कल नव्हे, सत्ता होती.

एक हिशेब तुला देते, वर्गात फळ्यावर लिही. बारीक प्रतीचे सूत काढायचे तर १०० पौंड कापूस हाताने कातायला सुमारे ५०,००० तास लागत. १७९५ च्या सुमारास यंत्रावर तेच काम सुमारे ३०० तासांवर आले. हे आकडे लिहून मी दरवर्षी मुलींना विचारायची, हे ५०,००० तास कुणाचे? वर्ग गप्प व्हायचा. मग कुणीतरी हळूच म्हणायची, बाई, कातायच्या बायकाच ना?

बायकाच. माझ्या आजीची आजी मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली. दिवसा खुरपणी, रात्री रहाट. रहाटाला ती 'माझा बाजार' म्हणे, कारण तिच्या स्वतःच्या हातात पैसे येत ते तेवढेच. त्यातून मीठ यायचे, बांगड्या यायच्या, लेकीची चोळी शिवली जायची. मग आठवडी बाजारात विलायती सूत आले. ते एकसारखे होते, मागावर तुटत नसे, स्वस्त होते. कोष्टी तेच घेऊ लागला, त्याला तरी काय म्हणावे? हिच्या लडी घरात पडून राहिल्या. रहाट माळ्यावर गेला आणि मोठ्या दुष्काळात चुलीत गेला. आजीने हे मला कितीदा सांगितले, पण त्यात इंग्रजाचे नाव कधी आले नाही. 'सूत कुणी घेईना झालं,' एवढेच ती म्हणायची.

माग मात्र त्या वेळी थांबले नाहीत. गिरणीच्या सुतावर ते चालत राहिले, सोलापुरात तर वाढले. तेव्हा आजोबांना विचार : तुमच्या मागावर ताण्याला सूत कुठून यायचे? आणि त्याआधी ते कोण कातायचे? आजोबा जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरव. सरांना दाखवायला तोही पुरावाच आहे.

बाई, तुमचे लिखाण एकांगी वाटते. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते, मीही रेल्वेतूनच निवृत्त झालो. रेल्वे, पूल, तारायंत्र, तलाव ही इंग्रजांची देणगी नाही का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, कुर्डुवाडी

काका, तुमच्या दोन पिढ्या रेल्वेवर जगल्या, तिच्याविषयी तुम्हाला माया असणारच. मीही लहानपणी आईच्या मांडीवर बसून तुमच्याच कुर्डुवाडीहून छोट्या गाडीने पंढरपूरला गेले आहे. माझे अडते ते 'देणगी' या शब्दापाशी. देणगी देणारा आपल्या खिशातून देतो.

रुळांचे पैसे कसे उभे राहिले ते बघा. कंपन्या लंडनच्या, भागधारक तिकडचे. सरकारने त्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. गाडीने नफा मिळवला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून. ज्याला तोटा होऊच शकत नाही तो खर्चाला हात आखडत नाही, आणि तसेच झाले. इंजिने बहुतेक विलायतेतून आली. माल बंदराकडे नेण्याचे दर स्वस्त, एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्याचे महाग, अशी दरांची रचना राहिली.

१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि १८६० मध्ये रूळ सोलापूरला पोचले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे धावल्या. चार वर्षे भाव असे चढले की आपल्या भागातल्या शेतकऱ्याने ज्वारीच्या रानात कापूस घातला, सावकाराने हात सैल सोडला, लग्नेही मोठी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले, साराही तसाच. दहा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा केला, त्यात पुणे, सातारा आणि नगरबरोबर आपला जिल्हाही होता. हजारो मैलांवरच्या लढाईने बार्शीच्या माणसाचे खाते बुडावे, हे त्याच्या आजोबाच्या आयुष्यात होणे शक्य नव्हते. ते शक्य केले रुळांनी, आगबोटींनी आणि तुम्ही म्हणता त्या तारायंत्राने.

आता दुष्काळ. १८७६ चा पाऊस गेला तेव्हा सोलापूरला रेल्वे येऊन सोळा वर्षे झाली होती. गाडीने धान्य येत होते, हे मी मान्य करते. पण ते भावाने येत होते, आणि ज्याचे पीक गेले त्याच्याजवळ भावाला पैसा नव्हता. त्याच काळात हिंदुस्थानातून गहू विलायतेला जातच राहिला. व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारचे तत्त्व होते. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने राणीला सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार भरवला, आणि इकडे दुष्काळी कामांवरच्या मजुरीत सरकारने दुष्काळासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने काटछाट केली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याइतके पैसे आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर खडी फोडणाऱ्याला तेवढ्यात दोन वेळच्या भाकरी होत नाहीत, हे कुठल्याही घरातली बाई सांगेल. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या दराला नकार देऊन कामे सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसांचा तो संप आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी एका ओळीपुरताही भेटला नाही, याचे मला वाईट वाटते.

१८७२ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. १८८१ ला ती सहा लाखांच्या खाली आली. सगळेच मेले नाहीत, पुष्कळ लोक मुलूख सोडून गेले. पण नऊ वर्षांत पाचातला एक माणूस कमी झाला.

तुमचे एक म्हणणे मी पूर्ण मान्य करते. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ चा, तो आजही आपल्या कामी येतो. त्या दुष्काळी कामांतून उभा राहिलेला आष्टीचा तलावही आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर नियम झाले, आणि पुढे रुळांनी धान्य हलवून जीव वाचवले तेही खरे. तलावाचा आराखडा इंग्रज अभियंत्याचा होता. माती मात्र अर्धपोटी माणसांनी पाटीने टाकली, पाटी उचलून देणारी पोरे होती. मी आष्टीला गेले की बांधावर थोडा वेळ उभी राहते.

तुमच्या वडिलांच्या कारखान्याचेही तेच. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली ती लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीची. पण ती वर्षानुवर्षे चालवली ती कुर्डुवाडीच्या फिटरांनी आणि गँगमननी. माया त्यांच्यावर करा, काका, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

वसाहतवाद आणि साम्राज्यवाद यांत फरक काय? परीक्षेला विचारतात.
— बारावीचा विद्यार्थी, मोहोळ

दुसऱ्याच्या देशात जाऊन वस्ती करणे किंवा तिथला कारभार हाती घेणे हा वसाहतवाद. साम्राज्यवाद त्याहून रुंद आहे. झेंडा न लावताही दुसऱ्याचा बाजार, बंदरे आणि तिजोरी ताब्यात ठेवता येतात. उदाहरण चीनचे लिही. इंग्रजांना चहा हवा होता, चांदी द्यायची नव्हती, म्हणून त्यांनी हिंदुस्थानात पिकलेली अफू तिथे खपवली. चीनने अडवले तेव्हा १८३९ ते १८४२ युद्ध केले, हाँगकाँग घेतले आणि पाच बंदरे उघडायला लावली. चीनवर व्हाइसरॉय कधी बसला नाही. तरी ते साम्राज्यच.

ताई, आम्ही पद्मसाळी. पणजोबा तेलंगणातून पायी सोलापूरला आले. इथे गिरण्या आणि माग होते म्हणून आम्हाला भाकरी मिळाली. मग ज्यांनी यंत्रे आणली त्यांना नावे का ठेवायची?
— यंत्रमाग कामगार, दत्त नगर

दादा, गिरणीला मी नावे ठेवत नाही. माझे शिक्षण गिरणीच्या पगारावर झाले. भोंगा झाला की आमच्या चाळीत चुली पेटायच्या.

आधी एक गोष्ट सांगते. आपली जुनी गिरणी इंग्रजांनी काढली नाही. ती काढली मुंबईचे व्यापारी मुरारजी गोकुळदास यांनी. मुरारजी पेठेत आजही त्यांचे नाव आहे. गिरणी सुरू झाली १८७७ मध्ये, म्हणजे ऐन दुष्काळात. खेडी ओस पडत होती आणि शहराच्या वेशीत माणसे कुठल्याही दराने कामाला तयार होती. गिरणीला मजूर सहज मिळाला तो त्यामुळे, असे माझे मत आहे. त्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भांडवल आपले, कापूस आपला, हात आपले. यंत्रे मात्र तिकडची, आणि कायदे करणारेही तिकडचे.

कायद्याचे एकच उदाहरण देते, कारण ते तुमच्या घराशी येऊन भिडते. १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात सरकारने काढून टाकली. लँकशायरच्या गिरणीमालकांना ती खुपत होती. १८९४ मध्ये तिजोरीला पैसा कमी पडला तेव्हा जकात पुन्हा लावावी लागली. लगेच तिकडून ओरड झाली. मग १८९६ मध्ये ठरले की विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर. सोलापुरात विणायचे, पंढरपुरात विकायचे, आणि तरी कर भरायचा, कशासाठी? तर मँचेस्टरच्या कापडाला आपल्या कापडाने मागे टाकू नये म्हणून. हा कर उठला १९२६ मध्ये. तीस वर्षे.

हातमागाच्या कापडाला तो कर नव्हता. इथे तुमचे पणजोबा येतात. गिरणीचे सूत जवळ, कर नाही, लुगड्यांना गिऱ्हाईक; निजामाच्या राज्यातल्या कोरड्या गावांतून विणकर कुटुंबे सोलापूरकडे चालत आली त्याला ही कारणेही होती. पण सूत, रेल्वे आणि बाजार याच्यावर तुमच्या पणजोबांचे माग चालले खरे, तरी माग त्यांचा होता, धोटा त्यांचा होता आणि हातातली कला तर कुणीच आणून दिलेली नव्हती. उपकार कुणाचे मानायचे असतील तर घरातल्या ज्या बायकांनी कांड्या भरल्या त्यांचे माना. त्यांना मजुरी कुणी मोजली नाही.

कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. सात वर्षांच्या आतल्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही. हा कायदा व्हावा म्हणून लँकशायरचे मालकही झटले, कारण हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा माल महाग व्हावा हा त्यांचा हेतू. तरी मुलांचे वाचलेले तास खरेच होते, ते मी नाकारणार नाही. रविवारची सुटी मात्र त्यांनी दिली नाही. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांना उभे करून १८९० मध्ये मिळवली.

माझी आजी इथल्या एका गिरणीत त्रासन खात्यात होती. सुताच्या लडी उकलायच्या आणि बॉबिनवर गुंडाळायच्या. तुटलेला धागा गाठीने जोडायचा. ज्या घरातल्या बाईचा रहाट सुताने बंद पाडला, तिचीच नात त्या सुताच्या गाठी बांधायला गिरणीत गेली. माझे वडील तेव्हा तान्हे होते. सकाळी पाळीला जाताना आजी त्यांना अफूची बारीक गोळी चाटवून झोपवायची, म्हणजे दुपारपर्यंत उठत नाहीत. सगळ्याच बाया तसे करत. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे. आजीने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, मी नोकरीला लागल्यावर, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ हात चोळत बसली. वर मोहोळच्या मुलाला मी अफूविषयी लिहिले ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे चीन नव्हता.

तेव्हा दादा, गिरणी आली म्हणून भाकरी मिळाली हे खरे. तिचा दर कुणी ठरवला, एवढेच मी विचारत असते. तुम्हीही आज पगाराच्या दिवशी ते विचारत असालच.

आमच्या भागाला सेटलमेंट म्हणतात. कामासाठी पत्ता सांगितला की समोरचा माणूस वेगळ्या नजरेने बघतो. हे नाव पडले कसे?
— एक तरुण वाचक, सोलापूर

बेटा, तुझे पत्र मी तीनदा वाचले.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने एक कायदा केला. काही जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार जमातीचे ठरे. तो कायदा आधी उत्तरेत लागू झाला, पुढे १९११ च्या नव्या कायद्याने आपल्याकडेही आला. ही माणसे कोण होती? बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य नेणारी, टोपल्या विणणारी, शिकार करणारी, खेळ करून पोट भरणारी. रेल्वेने वाहतूक घेतली, जंगलकायद्याने रान घेतले, मिठावर सरकारने हात ठेवला. पिढ्यान्‌पिढ्यांचे फिरते धंदे बसले. आणि ज्याचा धंदा गेला, जो एका गावात राहत नाही, ज्याच्याकडून सारा वसूल होत नाही, तो सरकारच्या वहीत संशयित ठरला.

सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा समाजांना तारेच्या कुंपणात आणून ठेवले. तीच सेटलमेंट. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. ती सोलापुरातच का? गिरण्यांमुळे. कुंपणातल्या माणसांना गिरण्यांत कामाला लावले जाई. जो मजूर काम सोडून गावी जाऊ शकत नाही, संप करताना ज्याला दहादा विचार करावा लागतो, असा मजूर मालकाला हवाच होता. याला सुधारणा म्हटले गेले.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षे आणखी. हा उशीर आपला आहे, तो इंग्रजांवर ढकलता येत नाही. माझ्या वर्गात सेटलमेंटमधल्या मुली असायच्या. वर्गात काही हरवले की इतर मुली त्यांच्याकडे बघायच्या, आणि सुरुवातीची एक-दोन वर्षे मीही ते बघणे थांबवले नाही. त्यातल्या एकीने मला विचारले होते, 'बाई, आधी माझंच दप्तर का?' मला उत्तर देता आले नाही. तिची मी नंतर माफी मागितली, आज तुझीही मागते.

पत्ता सांगताना आवाज खाली करू नकोस. गुन्हा घडला तो कुंपण ठोकणाऱ्यांकडून.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज बसने जाते. गिरण्यांशी त्यांचा काही संबंध होता का?
— गृहिणी, जुळे सोलापूर

होता. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तशी सोलापूरच्या गिरण्या ओस पडल्या. गिरणी कामगार, विद्यार्थी, दुकानदार सगळे रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहरावर मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. चार नावे वाचा, ताई : त्यात सोलापूरच्या सगळ्या पेठा आहेत. आजी सांगायची की त्या दिवसांत गांधी टोपी घालून बाहेर पडणाऱ्याला सैनिक रस्त्यात अडवत, म्हणून आजोबांची टोपी तिने ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती.

बाई, आमच्या शाळेत 'सूत आणि सोलापूर' असे प्रदर्शन आहे. तुमच्याकडे जुने काही असेल तर चार दिवस मिळेल का?
— एक शिक्षिका, अशोक चौक

मिळेल. आजीच्या दोन लाकडी बॉबिनी आहेत, एक गाठी कापायची छोटी पात आहे आणि तिचा पितळी बिल्ला आहे, त्यावरचा नंबर घासून गेलाय पण बोट फिरवले की लागतो. मुलांना हातात घेऊ द्या, काचेत ठेवू नका. रहाट नाही, तो कसा गेला ते वर लिहिले आहे. त्याच्यासाठी टेबलावर थोडी जागा रिकामी ठेवता आली तर ठेवा आणि शेजारी कापसाचे चार पेळू ठेवा. मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर मी घरी असते. पत्ता संपादकांकडून घ्या. सोबत साखर पेठेतल्या त्या अकरावीच्या मुलीच्या आजोबांनाही बोलावता आले तर बघा. ताणा कसा लावतात ते दाखवणारे हात अजून आहेत.